शासकीय आरोग्य विम्याचं लॉगिन: ओटीपी नेमका कोणाच्या फोनवर जातोय?

सातपूरकर | सोमवार, रात्री १०.२०

गेला आठवडा दवाखान्यातच गेला. पेठ तालुक्यातली माझी आत्या, वय ७३, अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. रातोरात नाशिकला आणलं. सत्तरीच्या पुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड तिचं काढलेलं होतं, म्हणून पैशाची धास्ती नव्हती.

काउंटरवर तिला अंगठा लावायला सांगितला. जन्मभर नागली आणि भात लावलेले हात. दहाही बोटं लावून पाहिली, मशीनने एकही धरलं नाही. मग आधारच्या ओटीपीने करू म्हणाले. ओटीपी गेला, पण स्क्रीनवर दिसणारे शेवटचे चार आकडे घरातल्या कोणाच्याच नंबरचे नव्हते. तिच्या जुन्या आधारपत्रावर पत्त्याखाली मोबाइल नंबर छापलेला होता, त्याचे शेवटचे चार आकडे जुळले. त्यावर फोन लावला. पलीकडे एक माणूस. दहा-बारा वर्षांपूर्वी पाड्यावर आधारचं शिबिर झालं तेव्हा मशीनवर तोच बसला होता. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यापुढे त्याने स्वतःचा नंबर टाकला होता.

तो भला माणूस होता. मी कोण, कुठून बोलतो, ओटीपी कशासाठी हवा, यातलं काहीही न विचारता त्याने सहा आकडे सांगितले आणि "झालं का दादा?" म्हणाला.

त्या रात्री मला हायसं वाटलं. घरी आल्यावर झोप लागेना. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने आकडे सांगितलेच असते. आत्याच्या ५ लाखांच्या विम्याची, तिच्या आजाराच्या कागदांची किल्ली तिने कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या खिशात इतकी वर्षं होती.

आत्याचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून चार पावलं टाकते. धागा काढायचं कारण वेगळं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात आयुष्मान योजनेच्या ७,४९,८२० लाभार्थ्यांपुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल नंबर नोंदलेला सापडला होता. ८८८८८८८८८८ वर आणखी १,३९,३००. पात्रता मोबाइल नंबरावरून ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला आणि तो बरोबर आहे. पण ज्या व्यवस्थेत किल्ली म्हणून ओटीपी वापरायचा, तिथे नंबर खोटा किंवा परका असेल तर कुलूप कितीही महागाचं आणलं तरी काय उपयोग?

मी अंबडला एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघतो. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, एम्प्लॉयर पोर्टलचा १७ आकडी कोड आणि एकच पासवर्ड मालक, मी आणि पीएफ-ईएसआयचं काम बघणारे बाहेरचे कन्सल्टंट असे तिघं वापरतो. ६२ कामगारांची नावं, घरची माणसं, सगळं त्याच्या आत आहे. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण लपवून ठेवलं तर बोलणंच होणार नाही.

या संकेतस्थळांचं लॉगिन खरोखर मजबूत करायचं तर काय करावं लागेल? जाणकारांनी लिहा. केंद्र चालवणारे, दवाखान्यात काम करणारे कोणी इथे असतील तर तुम्ही नक्की लिहा.

---

मखमलाबादची_मी | सोमवार, रात्री १०.५५

आत्यांना लवकर बरं वाटो.

आमच्याकडे उलटं झालं. सासऱ्यांच्या कार्डावर त्यांचाच नंबर होता, पण ते वारल्यावर आम्ही सिम बंद केलं. सासूबाईंच्या आधारलाही तोच नंबर होता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. बंद झालेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देतात. आता त्या नंबरावर भलताच कोणी माणूस आहे. सासूबाईंचा ओटीपी त्याला जातो.

---

अंबड_एमआयडीसी | सोमवार, रात्री ११.१०

सातपूरकर, लाज वाटून घेऊ नका. आमच्याकडे तर तो पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करून ठेवलाय. १५ तारीख जवळ आली की ज्याला वेळ मिळेल तो चलान भरतो.

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, सकाळी ७.३०

मी इंदिरानगरला राहतो. संकेतस्थळांची सुरक्षा तपासणं हाच माझा रोजगार आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सातपूरकर, आधी एक फरक लक्षात घ्या. नंबर दोन ठिकाणी असतो. एक आधारला जोडलेला, दुसरा विम्याच्या कार्डापुढे नोंदलेला. आत्यांच्या बाबतीत आधारचा नंबर परका निघाला. तो आधार केंद्रावर जाऊन बदला. बोटं धरत नसतील तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. मग कार्डाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) नव्याने करून तिथला नंबरही बदला. एकच बदलून घरी आलात तर अर्धंच काम होईल. आणि मायआधार या आधारच्याच संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत त्यांचं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं याची यादी मिळते, ती आधी पाहा.

आता लॉगिनविषयी. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घातलं आणि दर ९० दिवसांनी बदलायला लावलं की सुरक्षा वाढली, असा समज आपल्या बहुतेक कार्यालयांत पक्का बसलाय. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने २०१७ सालीच लिहून ठेवलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला सांगा. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो, नाहीतर पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो. लांब पासवर्ड घेऊ द्या, आधी कुठे फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो असेल तर नाकारा, एवढं पुष्कळ झालं.

ओटीपीचंही गणित पाहा. सहा आकडी ओटीपी म्हणजे १० लाख शक्यता. चुकीचे आकडे किती वेळा टाकू द्यायचे याला मर्यादा नसेल आणि सेकंदाला १०० प्रयत्न करता आले, तर पावणेतीन तासांत सगळे आकडे संपतात. चार आकडी असेल तर शंभर सेकंदांत. म्हणून पाच चुका झाल्या की तो ओटीपी बाद करायचा आणि नवा मागवण्यावरही वेळेचं बंधन घालायचं. ही तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये होत असेल तर ती नसल्यातच जमा.

आणखी एक गोष्ट लॉगिनच्या पलीकडची आहे, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दारावर पहारा कडक असतो, माणूस रीतसर स्वतःच्या खात्यात शिरतो, आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतला कार्ड क्रमांक एकाने वाढवला की शेजाऱ्याची फाइल उघडते. माझ्या कामात ही चूक मला सर्वांत जास्त वेळा सापडते. प्रत्येक पानावर 'ही फाइल या माणसाची आहे का' हे नव्याने विचारलं गेलं पाहिजे.

कोणी हे वाचून सरकारी संकेतस्थळावर करून पाहू नका. परवानगीशिवाय असं करणं आयटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. काही दिसलं तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवा.

---

मखमलाबादची_मी | मंगळवार, सकाळी ८.०५

आधारला कोणता नंबर जोडलाय हे घरबसल्या तपासता येतं का?

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, सकाळी ८.१५

हो ताई, मायआधारच्या संकेतस्थळावर ती सोय आहे. आधार क्रमांक आणि तुम्हाला वाटतो तो मोबाइल नंबर टाकायचा, जोडलेला आहे की नाही ते कळतं. तुमच्या बाबतीत सासूबाईंना आधार केंद्रावर घेऊन जा. हे काम लांबणीवर टाकू नका.

---

केंद्रचालक_दिंडोरी | मंगळवार, रात्री ९.४५

मी आठ वर्षं सेवा केंद्र चालवतोय. सातपूरकर दादांनी विचारलं म्हणून लिहितो. आधारचं काम मी करत नाही, पण आयुष्मान कार्डं भरपूर काढली. आणि त्यातल्या काही कार्डांपुढे माझा नंबर आहे.

का आहे, तेही सांगतो. आमच्याकडे द्राक्षाच्या कामाला सुरगाणा, पेठ, कळवणकडची माणसं येतात. ऑक्टोबर छाटणीपासून मार्च-एप्रिलपर्यंत मळ्यावर राहतात. बायकांकडे बहुतेक फोन नसतो. नवऱ्याकडे असतो, पण रिचार्ज संपलेला. रिचार्ज संपून काही दिवस गेले की येणारे मेसेजही बंद होतात. हंगाम संपला की सिम टाकून देतात, पुढच्या वर्षी ऑफरमध्ये नवं घेतात. कार्ड काढायच्या दिवशी दारात साठ माणसं, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला, मुकादम घाई करतोय, रेंज एकच दांडी. नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तेव्हा मी माझा टाकतो आणि माणूस कार्ड घेऊन घरी जातो. टाकला नसता तर तो कार्डाशिवाय गेला असता, आणि परत आला नसता.

चुकीचं आहे हे मलाही कळतं. त्या आधारवाल्याने न विचारता आकडे सांगितले हे वाचून पोटात गोळा आला, कारण मीही सांगितलेत. फोन येतो, "दवाखान्यात आहे, ओटीपी आलाय का बघा." अशा वेळी कोण चौकशी करत बसतो?

आता माझ्या लॉगिनचं. ऑपरेटर आयडी माझ्या नावाचा. केंद्रावर दोन पोरं कामाला आहेत, गर्दीच्या दिवशी तीही त्याच आयडीने बसतात. उद्या एखाद्या पोराने काम सोडलं आणि रागात काही केलं, तर कागदोपत्री ते मीच केलेलं असेल. मला हाताखालच्या माणसांसाठी वेगळे आयडी हवेत. ते माझ्या नावाला जोडलेले असावेत आणि मला एका बटणाने बंद करता यावेत. एवढं दिलं तर मी उद्यापासून माझा आयडी कोणाला देणार नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४.३०

दादा, तुम्ही मनातलं लिहिलंत.

मी एका रुग्णालयात योजनेच्या डेस्कवर आहे. कोणतं ते लिहीत नाही. तीन पाळ्या, एक कॉम्प्युटर. सकाळी आलेली मुलगी लॉगिन करते आणि तेच लॉगिन रात्रीपर्यंत उघडं राहतं. बंद का करत नाही? कारण पुन्हा आत जायला ओटीपी लागतो आणि तो जिच्या नावाचा आयडी आहे तिच्या फोनवर जातो. ती तेव्हा घरी झोपलेली असते. अपघाताचा पेशंट समोर स्ट्रेचरवर असताना दुसऱ्या बाईला उठवून ओटीपी मागायचा, हे मी स्वतः केलंय. एकदा तिने फोन उचलला नाही. महात्मा फुले योजनेत आणीबाणीत फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची सोय आहे म्हणून त्या रात्री निभावलं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की हे लोक निष्काळजी आहेत. आमच्या टेबलावर एका वेळी काय काय चाललेलं असतं ते एकदा येऊन बघावं. सुरक्षा वाढवायची तर प्रत्येकीला स्वतःचा आयडी द्या आणि आत शिरायची अशी काही रीत द्या जी दोन-चार सेकंदांत होईल. बँकेत कॅशियरला बोट लावून आत जाता येतं. आम्हाला का नाही?

---

जेलरोडकर | बुधवार, सकाळी ९.००

नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. नोटा छापायच्या ठिकाणी आयुष्य गेलं, त्यामुळे पहारा, नोंद, दोघांच्या सह्या यांचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. तिथे एका माणसाच्या एकट्याच्या किल्लीने काहीच उघडत नसे.

माझं म्हणणं वेगळं आहे. माझी सगळी लॉगिन पुण्याला असलेला मुलगा बघतो. माझे पासवर्ड त्याच्याकडे आहेत. ओटीपी आला की मी त्याला फोनवर वाचून दाखवतो. एकीकडे बँक, पोलीस, सगळे सांगतात की ओटीपी कोणालाही सांगू नका. दुसरीकडे मी दर महिन्याला तो सांगतोय. यामुळे सवय लागते. उद्या गोड आवाजात कोणी 'आजोबा, मी तुमच्या मुलाचा मित्र बोलतोय' म्हणालं, तर मी सांगणार नाही अशी खात्री मला देता येत नाही.

विम्याच्या पॉलिसीत वारस नेमता येतो, बँकेत संयुक्त खातं काढता येतं. मग इथे 'माझ्या वतीने हा माझा मुलगा लॉगिन करील' असं रीतसर का नेमता येऊ नये? त्याचा स्वतःचा आयडी, त्याचा स्वतःचा ओटीपी, आणि त्याने काय पाहिलं याची नोंद मला दिसावी.

---

कुलूपकिल्ली | बुधवार, सकाळी ९.४०

काका, या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची मागणी तुम्ही मांडलीत. आपल्याकडे अर्ध्याहून अधिक घरांत एकाचं काम दुसराच करतो असा माझा अनुभव आहे. मुलगा करतो, नात करते, आशाताई करतात, केंद्रावरचा पोरगा करतो. लॉगिन बनवणाऱ्याने मात्र असं धरलेलं असतं की समोर बसलेला माणूसच खातेदार आहे. ते तसं नसल्यामुळे सगळेजण उसन्या किल्ल्या वापरतात. उसनी किल्ली फुटली तर कोणाच्या हातून फुटली हे कधीच कळत नाही.

---

गोदेपासून_दूर | बुधवार, रात्री ११.५०

माहेर गंगापूर रोड, आता शिकागोत. अमेरिकेतल्या हेल्थकेअर.गव्हचा, म्हणजे खासगी कंपन्यांचा आरोग्य विमा घ्यायच्या सरकारी संकेतस्थळाचा (विमा बाजाराचा) अनुभव सांगते, कारण तुमची चर्चा अगदी त्याच वळणाला आली आहे.

ते संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाची चूक जगभरच्या सर्व्हरांत सापडली, तेव्हा खबरदारी म्हणून सगळ्या खातेदारांचे पासवर्ड रद्द करून नवे घ्यायला लावले. त्याच वर्षी जुलैत चाचणीसाठीच्या एका सर्व्हरवर कोणीतरी घातक प्रोग्रॅम टाकला. त्या सर्व्हरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, कोणी बदललाच नव्हता. लोकांची माहिती त्यावर नव्हती म्हणून निभावलं.

मोठा फटका २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बसला. सुमारे ७५ हजार लोकांच्या फाइली भलत्यांच्या हाती गेल्याचं सरकारने जाहीर केलं. ते शिरले होते विमा एजंट आणि ब्रोकर यांच्यासाठी असलेल्या वेगळ्या वाटेने, एजंटांच्या खात्यांतून. सामान्य माणसाच्या लॉगिनला कोणी हातही लावला नव्हता. दिंडोरीचे दादा आणि रात्रपाळीताई, इथल्या एजंटांच्या जागी तिकडे तुम्ही आहात.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. २०२४ मध्ये असं उघडकीस आलं की काही एजंट लोकांना न विचारता त्यांची विमा योजनाच बदलून टाकत होते, आपल्याला कमिशन मिळावं म्हणून. नाव, जन्मतारीख आणि राज्य एवढ्यावर त्यांना खातं सापडत होतं. माणूस डॉक्टरकडे गेल्यावर त्याला कळायचं की आपला विमाच बदललाय. त्या जुलैपासून नियम केला: जो एजंट त्या माणसाच्या खात्याशी आधीपासून जोडलेला नाही, त्याला बदल करायचा तर तो माणूस स्वतः फोनवर हजर हवा, विमा बाजाराच्या कॉल सेंटरसोबत तिघांच्या कॉलवर.

आणखी एक, खासगी कंपनीचं. २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर या दावे हाताळणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि औषधांच्या दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सगळे व्यवहार खोळंबले. मूळ कंपनीच्या प्रमुखाने संसदेपुढे सांगितलं की चोर ज्या पोर्टलमधून शिरले त्याला पासवर्डाशिवाय दुसरी पायरीच नव्हती. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली. एका दाराला दुसरी कडी नव्हती म्हणून.

---

सातपूरकर | गुरुवार, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात लाभार्थ्याचं लॉगिन होतं. आता वाटतंय की सुरुवात ऑपरेटर, रुग्णालय आणि माझ्यासारख्या एम्प्लॉयर लॉगिनपासून व्हायला हवी. आत्याच्या खात्यातून एक माणूस दिसतो. माझ्या लॉगिनमधून ६२ घरं दिसतात, रात्रपाळीताईंच्या लॉगिनमधून त्यांच्याकडे आलेले सगळे पेशंट.

आधारच्या पडताळणीची यादी पाहिली. त्यासाठीही ओटीपी त्या गृहस्थांनाच मागावा लागला. या वेळी मी आधी माझं नाव-गाव सांगितलं, कारण सांगितलं, आणि पुढे कोणी मागितला तर देऊ नका अशी विनंती केली. यादीत रेशन दुकान आणि परवाचा दवाखाना एवढंच आहे. जीव भांड्यात पडला.

---

अंबड_एमआयडीसी | गुरुवार, दुपारी १.१५

एवढं कशाला, सगळ्यांनाच चेहरा सक्तीचा करा. चेहरा कोणी उसना देऊ शकत नाही. फोन नको, सिम नको.

---

मखमलाबादची_मी | गुरुवार, दुपारी १.४०

आणि ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा फोन नाही, गावात रेंज नाही, ते? अर्धांगवायूने तोंड वाकडं झालेला माणूस? माझी जाऊ रेशनला दोनदा परत आलीये नेट नाही म्हणून. दवाखान्याच्या दारात असं होऊ नये.

---

कुलूपकिल्ली | गुरुवार, रात्री १०.१०

चेहऱ्याचा पर्याय असावा, सक्ती नको, या मखमलाबादच्या ताईंच्या मताचा मी आहे. उपचार घेणाऱ्या माणसापुढे एकच दार ठेवलं की ते कोणासाठी तरी बंदच असतं.

पण ऑपरेटर आणि रुग्णालयांची गोष्ट निराळी. ते रोज आत जातात, त्यांच्याकडे मशीन आहे, त्यांना शिकवता येतं. त्यांच्यावर कडक अट घालायला हरकत नाही. आणि अट कडक असूनही काम सोपं होऊ शकतं, हे मला आवर्जून सांगायचंय.

एसएमएसने येणारा ओटीपी हा दुसऱ्या पायरीचा सर्वांत कच्चा प्रकार. सिम बदलून घेता येतं. खोट्या संकेतस्थळावर माणूस स्वतःच तो टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'आयुष्मान कार्ड'ची एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडली तर ती फोनमधले मेसेज परस्पर वाचते. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डिजिटल व्यवहारांसाठी नवे निर्देश काढून एसएमएसखेरीज दुसऱ्या पर्यायांची वाट मोकळी केली.

त्याहून बरं म्हणजे ऑथेंटिकेटर अ‍ॅप. दर ३० सेकंदांनी नवा आकडा फोनमध्येच तयार होतो. त्याला ना रेंज लागते ना रिचार्ज. दिंडोरीच्या दादांच्या एक दांडीच्या रेंजमध्ये हे एसएमएसपेक्षा भरवशाचं आहे. पण तो आकडाही फोनवर सांगता येतो, खोट्या पानावर टाकता येतो.

सर्वांत पक्कं म्हणजे पासकी (फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली), किंवा यूएसबीला लावायची छोटी सुरक्षा किल्ली. रात्रपाळीताई, तुम्ही जे मागताय ते हेच. बोट लावलं की आत. आकडा नाही, त्यामुळे सांगण्यासारखंच काही उरत नाही. आणि ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी बनली तिथेच चालते. पत्त्याच्या शेवटी gov.in सारखं काहीतरी दिसणारं बनावट पान असलं तर ती तिथे चालतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. पाळी संपली की आपली किल्ली काढून घरी जायचं, पुढची ताई तिची लावेल.

---

केंद्रचालक_दिंडोरी | गुरुवार, रात्री १०.४०

ती यूएसबीची किल्ली हरवली तर?

---

कुलूपकिल्ली | गुरुवार, रात्री १०.५५

दोन नोंदवायच्या. एक केंद्रावर, एक घरी कपाटात. हरवलेली त्याच दिवशी खात्यातून काढून टाकायची. आणि खातं परत मिळवायची वाटही तितकीच पक्की हवी. नाहीतर चोर कुलूप फोडायच्या भानगडीत न पडता हेल्पलाइनला फोन करून 'पासवर्ड विसरलो' म्हणतो.

---

जेलरोडकर | शुक्रवार, सकाळी ८.२०

कळवण्याची सोय राहिली. बँकेतून पैसे गेले की मेसेज येतो. माझ्या कार्डावर कोणी लॉगिन केलं, नंबर बदलला, दावा लावला, तर मला मेसेज यायला हवा. आणि नंबर बदलला तर तो जुन्या नंबरावर आधी यायला हवा, नव्यावर नव्हे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी आशाताईंकडे छापील यादी जावी. महिन्याला एक कागद.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ३.००

काकांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. जुन्या नंबरावर आधी, हे फार महत्त्वाचं आहे.

---

सातपूरकर | शनिवार, रात्री ९.३०

आज आत्याला घेऊन आधार केंद्रावर गेलो. बोटं नाहीच लागली, डोळ्यांवरून झालं. रिक्षातून उतरवून खुर्चीवर बसवून आत न्यावं लागलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला हे करावं लागावं याचं वाईट वाटलं, पण टाळता आलं नाही. तिच्यासाठी साधा बटणांचा फोन घेतला आणि सिम तिच्याच नावाने. नंबर आधारला जोडला गेल्याचं कळलं की कार्डाची ई-केवायसी नव्याने करणार.

वर्कशॉपमध्ये पासवर्ड बदलला. मालकांना बसवून समजावलं. कन्सल्टंटना आता पासवर्ड देत नाही. ते आकडे पाठवतात, चलान मी भरतो. माझं महिन्याचं तासाभराचं काम वाढलं. मालकांनी ते मान्य केलं.

इथल्या सगळ्यांच्या मागण्यांचा अर्ज तयार करतोय. ऑपरेटरच्या हाताखाली वेगळे आयडी, रुग्णालयांना पासकी, घरच्या माणसाला रीतसर नेमायची सोय, जुन्या नंबरावर आधी सूचना, आणि एकाच नंबरावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त कार्डं दिसली तर त्यांची गावात जाऊन फेरतपासणी. जिल्ह्याच्या कार्यालयात देईन आणि प्रत राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवीन. मसुदा उद्या इथे टाकतो, कमी-जास्त सांगा.

---

केंद्रचालक_दिंडोरी | रविवार, रात्री ८.१५

दादा, अर्जावर माझी सही धरा.

मी आज एक वही केली. माझा नंबर टाकलेली जेवढी कार्डं आठवली आणि मेसेजमध्ये सापडली, तेवढी नावं लिहून काढली. १३४ भरली. मुकादमांना फोन केले. बाजाराच्या दिवशी त्या माणसांना आधार आणि चालू नंबर घेऊन पाठवा, पैसे घेणार नाही, असं सांगितलं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी घरातल्या कोणाचाही चालेल, पण घरातलाच आणायचा.

आज अकरा जण आले. त्यातल्या एका बाईने विचारलं, "आता मेसेज मला येईल का?" तिचा फोन माझ्या टेबलावरच होता. ओटीपी आला, तिने एकेक आकडा वाचला आणि स्वतःच टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. उरलेल्या १२३ जणांतले निम्मे सुरगाण्याला परत गेलेत. तिकडचं कोणी केंद्र चालवत असेल तर मला इथे निरोप द्या, नावं पाठवतो.